चौकच्या धक्क्यावर एक नोंदवही असावी

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
महाराष्ट्र सागरी मंडळ, यांसी,



हे पत्र तक्रारीचे नाही आणि मनाई हुकमाची मागणी करणारेही नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. कारण समुद्र, धोका आणि तरुण माणसे ही तिन्ही एका अर्जात आली की सरकारी दफ्तरातून जे पहिले उत्तर निघते ते पत्र्याच्या फलकाच्या रूपाने किनाऱ्यावर येऊन उभे राहते, खाऱ्या वाऱ्याने दोन पावसाळ्यांत गंजते, आणि त्याच्याच सावलीत बसून लोक बुटांच्या नाड्या सोडून पाण्यात उतरतात. माझे मागणे त्याहून लहान आहे आणि, माझ्या समजुतीप्रमाणे, अधिक उपयोगाचे आहे. आमच्या चौक गावच्या धक्क्यावरून जे कोणी छोट्या कयाकमध्ये बसून एकटेच समुद्रात जातात, त्यांचे नाव, निघण्याची वेळ आणि परतण्याची वेळ लिहून घेणारी एक नोंदवही तेथे असावी. लिहिलेली वेळ टळून गेली तर हाकाटी करण्याची जबाबदारी कुणातरी एका हाडामांसाच्या माणसावर असावी. आणि हा पायंडा चौकात रुजला तर तो पुढे मालवणपर्यंत जावा, एवढेच मला सुचवावयाचे आहे. मात्र एवढेच सुचविण्यासाठी मला थोडे दुरून यावे लागणार आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

चौक हे गाव मीरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते खरे, परंतु भाईंदरच्या उंच इमारतींशी त्याचा ऋणानुबंध बेताचाच आहे. येथे वलांडीवर बोंबील वाळतात, धक्क्याला होड्या लागतात, आणि दिवसाचा हिशेब घड्याळापेक्षा पाण्यावर अधिक चालतो. गावामागच्या टेकडीवर उभे राहिले की उल्हास नदीचे पाणी वसईच्या खाडीतून अरबी समुद्रास मिळताना स्पष्ट दिसते, आणि त्या मुखाच्या पैलतीरावर वसईच्या किल्ल्याचा तट दिसतो. ज्याच्या ताब्यात ही टेकडी, त्याच्या नजरेखाली वसईची समुद्रवाट, हे पोर्तुगीजांना ठाऊक होते व चिमाजीअप्पांच्या सरदारांनाही ठाऊक होते. म्हणूनच १७३७ साली सुरू झालेल्या वसईच्या मोहिमेत या टेकडीवरच्या धारावीच्या मोर्च्यासाठी दोन्ही पक्षांनी निकराची झुंज घेतली, १७३९ मध्ये तो मराठ्यांच्या हाती आला, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. आज त्या जागी चिमाजीअप्पांचा पुतळा आहे, आणि तो पाहावयास येणाऱ्यांची वर्दळही आहे. परंतु खाडीत कोण शिरले व खाडीबाहेर कोण गेले हे पाहत राहण्याचे जे काम या टेकडीकडे पूर्वापार होते ते आता कोणाकडेच नाही, ही गोष्ट आपल्या नजरेस आणावी असे मला वाटते. दस्तकाशिवाय गलबत पुढे जाऊ द्यावयाचे नाही असा शिरस्ता या कोकण किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी चालविला आणि आंग्र्यांनीही चालविला. तो महसुलासाठी व सत्तेसाठी होता, हे कबूल. तरी त्यामुळे एवढे मात्र होत असे की समुद्रावर जे काही तरंगत असेल त्याची कुठेतरी एक ओळ लिहिलेली असे.

हल्ली सुटीच्या दिवशी मोटारीच्या टपावर बांधून रंगीत कयाक येतात. त्या प्लास्टिकच्या असतात, काही तर हवेने फुगवावयाच्या असतात, आणि त्या आणणारी माणसे बहुधा सुशिक्षित, सौजन्यशील व उत्साही असतात. त्यांच्याविषयी माझ्या मनात आकस नाही. उलट, आठवडाभर संगणकापुढे बसून मान मोडलेल्या माणसाने एका सकाळी वल्हे हाती घ्यावे यात मला एक प्रकारचा शहाणपणाच दिसतो. परंतु ही मंडळी रविवार पाहून येतात, तिथी पाहून येत नाहीत, आणि सगळी गफलत तेथे होते. आमच्याकडे लहान मुलालाही हे गणित येते की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली म्हणजे भरती पूर्ण होण्याचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावास्या-पौर्णिमेला मध्यान्हाच्या आसपास. हे गणित मिनिटाचे नाही, पण जीव वाचविण्यापुरते खासच आहे. आता उधाणाचे दिवस म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागचे दिवस. त्या दिवसांत सकाळी सहाच्या सुमारास पाणी चढू लागते व दुपारी बाराच्या सुमारास पूर्ण भरते. म्हणजे न्याहारी करून आलेला पाहुणा सकाळी कयाक लोटतो तेव्हा भरती त्याला अलगद खाडीच्या आत नेते, वल्हे न मारताही होडके चालते, आणि आपल्याला हे काम उपजतच येते असा त्याचा समज होतो. दुपारी पाणी फिरते. मग सकाळी आत आलेले तेवढेच पाणी, त्यात नदीचे पाणी मिळवून, त्याच अरुंद मुखातून बाहेर पडू लागते व ते संध्याकाळी सहापर्यंत बाहेर पडत राहते. म्हणजे माणूस थकलेला, ऊन उतरत चाललेले, आणि ओघ मात्र भर समुद्राकडे.

एवढ्यावर भागले असते तरी पुष्कळ झाले असते. परंतु दुपारपासून पश्चिमेचा खारा वारा सुटतो, तो बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तोंडावर आदळतो, आणि ज्या मुखाशी सकाळी पाणी तेलासारखे स्वस्थ होते तेथेच आखूड, उभट आणि एकामागून एक अशा लाटा उठू लागतात. हिवाळ्यात पहाटेचा मतलई वारा याहून फसवा असतो. तो जमिनीकडून समुद्राकडे वाहत असल्याने टेकडीच्या आडोशाला त्याचा स्पर्शही जाणवत नाही, आणि आडोसा सोडून अर्धा मैल गेल्यावर माणसाच्या ध्यानात येते की परतताना तो छातीवर घ्यावा लागणार आहे. शिवाय मुखाबाहेरच्या पाण्यात डोल जाळी रोवलेली असतात. खुंटांना बांधलेले हे पिशवीसारखे जाळे आपले तोंड ओघाकडे करून उभे असते, कारण ओघाबरोबर वाहत येईल ते गिळणे हेच त्याचे कार्य. आणि ओघाबरोबर वाहत येणारे बोंबील कोणते व कयाकवाला कोणता हा भेद जाळ्याला कळत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून वसई-भाईंदर रो-रो बोटीही खाडीत ये-जा करू लागल्या आहेत. त्यांच्या वरच्या मजल्यावरून पाण्याच्या पातळीला बसलेला एक माणूस दिसणे दुरापास्त असते.

होडके उलटले तर काय, असा प्रश्न मी एका सज्जनांना विचारला होता, तेव्हा ते म्हणाले की मला उत्तम पोहता येते. हे उत्तर प्रामाणिक होते पण प्रश्नाचे नव्हते. उलटलेल्या कयाकचा पहिला शत्रू पाणी नसून वारा असतो. बसणारा खाली पडताच ती इतकी हलकी होते की वाऱ्यावर ती माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने पळते, आणि हातातून सुटलेली कयाक पुन्हा गाठणे हे उत्तम पोहणाऱ्यालाही साधत नाही. ती हाती राहिली तरी खोल पाण्यात, पायाखाली आधार नसताना, लाटांत हलणाऱ्या त्या निसरड्या पाठीवर पुन्हा चढणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे, आणि प्रत्येक फसलेल्या प्रयत्नागणिक ते अधिक कठीण होत जाते. शेजारी दुसरी कयाक असेल तर हेच काम काही मिनिटांचे होते: दुसरा आपल्या होडक्यावर उलटलेल्याचे टोक ओढून घेतो, पाणी ओतून टाकतो, ते सरळ करून धरून ठेवतो, आणि पाण्यातला माणूस दोन होडक्यांमधून वर चढतो. एकूण सारा फरक एका जास्तीच्या माणसाचा आहे. खिशातल्या भ्रमणध्वनीवर फार विसंबू नये. ओल्या बोटांना त्याचा पडदा दाद देत नाही, आणि किनाऱ्यापासून दूर गेल्यावर त्याची हाक कोठे पोचेल याचा भरवसा नसतो. अंगात तरंगजाकीट असले तर माणूस बुडत नाही, हे खरे. परंतु तो तरंगत कोठवर जाईल आणि त्याला शोधावयास कोणी केव्हा निघेल हा प्रश्न जाकीट सोडवीत नाही.

येथे कोणी असे म्हणेल की मग एकट्याने जावेच कशाला. या प्रश्नाशी मला थोडे थांबावेसे वाटते, कारण याचे उत्तर न देता जे नियम केले जातात ते कोणी पाळीत नाही. एकट्याने समुद्रावर जाण्यात एक सुख आहे व ते हलक्या दर्जाचे नाही. ज्या शहरात माणसाला स्वतःच्या घरातही एकांताची खोली मिळत नाही, आगगाडीत उभे राहावयास दोन पावलांची जागा मिळत नाही, त्या शहराच्या वेशीवर अथांग मोकळा विस्तार पसरलेला असावा आणि त्यात एक प्रहरभर आपण, आपले वल्हे व आपला श्वास यांखेरीज कोणी नसावे, ही ओढ समजून न घेता जो केवळ तिच्यावर डोळे वटारतो त्याला माणसाचे मन कळले नाही असे मी म्हणेन. पण याच एकांताला एक दुसरे अंग आहे, आणि ते ज्यांनी कयाक निर्माण केली त्यांनाच सर्वांआधी कळले. ग्रीनलंडचे शिकारी सीलच्या मागावर कयाकमधून एकटेच दूर जात. त्यांच्यांत एक विकार आढळे, व एकोणिसाव्या शतकात डॅनिश वैद्यांनी त्याची नोंद केली. वादळात हा विकार होत नसे. वारा पडलेला, पाणी आरशासारखे, सूर्य समोरून डोळ्यांवर येत असलेला, अशा निवांत वेळी अनुभवी शिकाऱ्याला एकाएकी असे वाटू लागे की होडी एका बाजूला कलते आहे, पाय थंड पडत आहेत, अंतरांचा अंदाज सुटला आहे. मग तो वल्हे हलविण्याचेही धाडस करीत नसे व जागच्या जागी गोठून जाई. कित्येक चांगले शिकारी या भयाने पुढे कायमचे किनाऱ्यावर बसले. याला उतारा काय, तर दुसरी कयाक जवळ येणे. सोबतीचे होडके शेजारी लागले की तो विकार ओसरत असे. जी जमात पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यावर जगली तिच्याही मेंदूला संपूर्ण एकटेपण पेलत नव्हते, तर आपल्या रविवारच्या पाहुण्याने ते सहज पेलावे अशी अपेक्षा मी कशी करू?

एकट्याने केलेल्या सागरी पराक्रमांची उदाहरणे माझ्यापुढे ठेवली जातील हे मला ठाऊक आहे, आणि ती मी स्वतःच पुढे ठेवतो, कारण ती माझ्या बाजूची आहेत. कौस्तुभ खाडे या मुंबईच्या तरुणाने २०१५ मध्ये मुंबई ते गोवा हा प्रवास कयाकमधून एकट्याने केला, व त्यानंतर गुजरातेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे तीन हजार किलोमीटरांचा पश्चिम किनारा वल्हवून काढला. त्या दुसऱ्या प्रवासात पाण्यावर तो एकटा होता, पण किनाऱ्याकिनाऱ्याने शांजली शाही सायकलवरून त्याच्या सोबतीने चालल्या होत्या. नौदलाचे दिलीप दोंदे यांनी ऑगस्ट २००९ मध्ये मुंबई सोडली, ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि मे २०१० मध्ये ते परत मुंबईस आले. तसे करणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या मागे जी सिद्धता होती, जे नौदल होते, जे बांधणारे कारागीर होते, त्यांची नावे विक्रमाच्या पाटीवर येत नाहीत एवढेच. त्यांच्या पाठोपाठ २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता प्रदक्षिणा करणारे अभिलाष टॉमी २०१८ साली दुसऱ्या एका एकल शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरात असताना, २१ सप्टेंबरच्या वादळात त्यांच्या नौकेची डोलकाठी मोडली व पाठीच्या कण्याला अशी इजा झाली की त्यांना जागचे हलवेना. आसपास मोठी वस्ती कोठेच नव्हती. तरीही भारतीय नौदलाच्या विमानाने त्यांना हुडकून काढले, आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले. जगातल्या अत्यंत निर्जन पाण्यात अंथरुणाला खिळलेला माणूस तिसऱ्या दिवशी वाचतो, याचे कारण तो कोठे आहे हे पहिल्या घटकेपासून कोणाला तरी ठाऊक होते. आता याच मापाने चौकच्या धक्क्यावरून निघालेल्या माणसाकडे पाहावे. वसईचा तट त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आहे, भाईंदरचे दिवे त्याला दिसत आहेत, तरी तो अभिलाष टॉमींपेक्षा कितीतरी अधिक एकटा आहे. कारण तो निघाला आहे हेच कोणाला माहीत नाही, आणि घरी तो फार तर ‘जरा बाहेर जाऊन येतो’ असे सांगून आला आहे.

सिद्धता असूनही समुद्र माणूस परत देईल असा करार नसतो, हेही मला लपवावयाचे नाही. अँड्र्यू मॅकॉले हा अनुभवी ऑस्ट्रेलियन वल्हेकरी जानेवारी २००७ मध्ये टास्मानियाहून न्यूझीलंडकडे कयाकने एकटा निघाला, सुमारे महिनाभर तो टास्मान समुद्र कापीत राहिला, पलीकडचा किनारा जवळ आलेला असताना ९ फेब्रुवारीला त्याची अर्धवट ऐकू आलेली हाक किनाऱ्यावर पोचली, आणि दुसऱ्या दिवशी कयाक सापडली. तो सापडला नाही. म्हणून मी नोंदवहीला कवच म्हणत नाही. ती फक्त शोध लवकर सुरू करते, पण समुद्रावर लवकर आणि उशिरा यांत जे अंतर आहे ते कोणत्याही तांडेलास विचारून पाहावे.

पाण्यावरच्या एकटेपणाविषयी इतके लिहिल्यावर पाण्याखालच्या एकटेपणाविषयी काही लिहिणे भाग आहे, कारण आपल्या मंडळाचा अंमल साऱ्या किनाऱ्यावर आहे. आमच्या खाडीचे पाणी गाळाचे. त्यात हाताचे बोट दिसत नाही, तेव्हा सौंदर्य पाहावयास तेथे कोणी बुडी मारीत नाही. परंतु मालवण व तारकर्लीच्या निवळ पाण्याने महाराष्ट्राला हा नवा छंद लावला आहे, आणि तेथे मार्गदर्शकाचा हात धरून एकदा खाली जाऊन आलेला माणूस पुढल्या खेपेस त्या हाताची गरज नाही असे समजू लागतो, हे स्वाभाविकही आहे. या छंदाचे शास्त्र मात्र निष्ठुर आहे. दर दहा मीटर खोलीला अंगावर एका वातावरणाइतका दाब वाढतो. टाकीतली हवा त्या दाबाने घट्ट होऊन फुप्फुसांत जाते. आणि घाबरलेला माणूस श्वास रोखून वर येऊ लागला तर तीच हवा फुगते व काही मीटरांच्या चढणीतही फुप्फुस फाडू शकते. खोलीवर रक्तात मुरलेला नायट्रोजन घाईने वर आल्यास सांध्यांत व मज्जातंतूंत बुडबुड्यांच्या रूपाने प्रकटतो. तीस मीटरांच्या आसपास तोच वायू मद्यासारखा मेंदूवर चढतो, आणि ज्याला चढला आहे त्याला आपण शुद्धीवर नाही हे कळत नाही; ते कळणारा शेजारी असावा लागतो. म्हणून बुडी मारणाऱ्यांनी जोडीने जावे हा नियम या विद्येच्या पहिल्या धड्यात असतो, आणि प्रत्येकाच्या साधनात एक जादा मुखनळी असते ती स्वतःसाठी नसते, हवा संपलेल्या सोबत्यासाठी असते.

टाकीवाचून, केवळ श्वास रोखून खाली जाणाऱ्यांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. श्वास घ्यावा अशी जी कासाविशी होते ती प्राणवायू कमी झाल्याने होत नसून अंगारवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, साठल्याने होते. बुडीपूर्वी भराभर श्वास घेणारा माणूस तो अंगारवायू आधीच बाहेर घालवितो, त्यामुळे त्याची घंटा उशिरा वाजते; खाली दाबामुळे उरलासुरला प्राणवायू पुरतो, पण वर येताना दाब उतरतो, मेंदूला मिळणारा वाटा अकस्मात आटतो, आणि पृष्ठभाग हातभर राहिला असता माणूस कोणतीही वेदना न होता शुद्ध हरपतो. शेजारी कोणी असले तर तो त्याचे तोंड पाण्याबाहेर धरतो व बहुधा काही क्षणांत तो माणूस डोळे उघडतो. शेजारी कोणी नसले तर काय होते ते लिहिण्याचे कारण नाही. चाळिसाहून अधिक जागतिक विक्रम जिच्या नावावर होते ती नतालिया मोल्चानोवा २ ऑगस्ट २०१५ रोजी स्पेनच्या फोर्मेंतेरा बेटाजवळ, तिच्या मानाने किरकोळ अशा खोलीची एक खासगी बुडी मारावयास गेली आणि परत आली नाही. स्पर्धेत तिच्याभोवती दोर असे, सुरक्षेचे पाणबुडे असत. त्या दिवशी ती व्यवस्था नव्हती.

आणि हे सारे नवे ज्ञान आहे असेही नाही. इराणच्या आखातात मोती काढणारी जी गलबते शतकानुशतके जात, त्यांत पाण्यात उतरणाऱ्या प्रत्येक गव्वासामागे गलबतावर एक सैब असे. गव्वासाच्या हाती दोर, त्याचे दुसरे टोक सैबाच्या हाती. खालून हिसका बसला की वर ओढावयाचे, एवढेच त्याचे काम, आणि मिळकतीत त्याचा हिस्सा ठरलेला. मानारच्या आखातातही हीच रीत होती. ज्यांचे पोट बुडीवर चालत होते त्यांनी एकट्याने बुडी मारणे हे शौर्य मानले नाही. दोर धरणाऱ्याला त्यांनी मजुरी दिली. सोबत म्हणजे गर्दी नव्हे, हे मात्र येथे सांगितले पाहिजे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीस पर्यटकांना बुडीहून परत आणणारी नाव किनाऱ्याजवळ उलटून दोघांचा मृत्यू झाला, तेव्हा त्या नावेत कोणीही एकटे नव्हते.

आता आपल्या दफ्तराविषयी. शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले व त्यात अशा उपक्रमांच्या आयोजकांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे ठेवावीत, अशी व्यवस्था केली. ती चांगली आहे. पण जो स्वतःच स्वतःचा आयोजक आहे, घरपोच मागविलेली कयाक स्वतःच्या मोटारीवर बांधून आणतो, त्याला हे धोरण दिसत नाही. दुसरीकडे, २००८ च्या नोव्हेंबरात समुद्रमार्गाने आलेल्या हल्लेखोरांनी मुंबईत जो संहार केला त्यानंतर किनाऱ्यावरच्या कोळ्याचे आयुष्य कागदांनी भरून गेले: नौकेची नोंदणी, परवाना, खलाशांची ओळखपत्रे, सागरी पोलिसांची विचारपूस. जन्मभर या पाण्यावर वाढलेल्या, चार-सहा सोबत्यांनिशी जाणाऱ्या माणसाची पै न पै नोंद आहे; आणि ज्याने समुद्र गेल्या महिन्यात प्रथम पाहिला तो त्याच धक्क्यावरून, एकटा, एका अक्षराचाही मागमूस न ठेवता जाऊ शकतो. या विसंगतीचे समर्थन मला तरी सापडले नाही.

आणि तो परतला नाही म्हणजे काय होते? संध्याकाळी उशिरा घरचे लोक घाबरतात, कोठे गेला ते त्यांना नक्की ठाऊक नसते, मोटार धक्क्यापाशी उभी दिसते तेव्हा रात्र झालेली असते. पोलीस येतात, आणि ते प्रथम कोणाकडे वळतात, तर गावातल्या नौकांकडे. गावकरी जातात, समुद्रात माणूस असताना नाही म्हणणे कोळ्याच्या रीतीत बसत नाही. पण डिझेल त्यांचे जळते, दुसऱ्या दिवसाची मासेमारी त्यांची बुडते, आणि ओहोटी सुरू होऊन सहा तास झालेले असल्याने शोधाचा घेर एवढा वाढलेला असतो की दहा नौकाही अपुऱ्या पडाव्यात. पुढचा सोपस्कार पंचनाम्याचा. म्हणून मी म्हणतो की नोंदवहीचा प्रश्न केवळ हौशी लोकांचा नसून आमच्या गावाचाही आहे.

माझी सूचना अगदी साधी आहे. नोंदवही मच्छीमार सहकारी संस्थेच्या स्वाधीन करावी आणि तिचा दाखला उत्तन सागरी पोलीस ठाण्यास दररोज मिळावा. जाणाऱ्याने आपले नाव, होडक्याचा रंग, जाण्याची दिशा, परतण्याचा तास आणि घरच्या एका माणसाचा क्रमांक लिहावा. लिहून घेणाऱ्याने त्याला त्या दिवशी पाणी केव्हा फिरणार आहे ते तोंडी सांगावे, कारण माझी खात्री आहे की निम्मे लोक एवढे ऐकूनच आपला बेत बदलतील. परतण्याचा तास टळल्यावर अर्धा तास वाट पाहून तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक फिरवावेत. नोंदीसाठी माफक शुल्क घ्यावे, त्यातून लिहिणाऱ्याचे मानधन निघावे, आणि शोधास निघणाऱ्या नौकेचे डिझेल व बुडालेला दिवस मंडळाने भरून द्यावा; कोळ्याच्या माणुसकीवर राज्याने आपली शोधव्यवस्था फुकटात चालवू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, तेव्हा नोंदवहीही बंद ठेवावी, म्हणजे त्या दिवसांत कोणी मागावयास आला तर त्याला मिळणारे उत्तर आपोआप ठरलेले असेल. याला कायद्याची मोठी दुरुस्ती लागू नये, असे मला वाटते. १९९६ च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या आपल्या मंडळाला धक्के बांधता येतात, तर धक्क्यावर एक मेज व एक वही ठेवता येणे अवघड नसावे.

हरकत घेणारे म्हणतील की लोक खोटी वेळ लिहितील, काही न लिहिताच जातील, आणि परत आल्यावर नाव खोडावयास विसरतील, तेव्हा व्यर्थच धावाधाव होईल. होईल, थोडी होईल. व्यर्थ गेलेल्या धावपळीचा खर्च आणि न झालेल्या धावपळीचा खर्च यांची तुलना करावयास एखाद्या सनदी हिशेबनिसाची गरज आहे असे मला वाटत नाही. सक्तीपेक्षा सवलत बरी, म्हणून नोंद करणाऱ्यासच धक्क्यावरून होडके उतरविण्याची व मोटार उभी करण्याची मुभा द्यावी; एवढ्याने बहुतेकांस वही आवडू लागेल.

तरी महोदय, नारळी पौर्णिमेस आमच्या नौका पुन्हा पाण्यात जातील तेव्हा ही वही धक्क्यावर असावी, अशी विनंती आहे. मंडळाकडून मान्यता येण्यास विलंब लागणार असेल, तर निदान तोवर गावाने ती आपल्या खर्चाने सुरू करावी आणि सागरी पोलिसांनी ती ग्राह्य मानावी, एवढे एक पत्र आपल्या सहीने पाठवावे. वही मी विकत आणीन.



आपला नम्र,
चौक येथील एक रहिवासी